उंबरठ्यावरील पेटी : घरगुती फायबर इंटरनेट आणि स्वतःचा राउटर

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्राविषयी लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येण्याचा संभव आहे. परंतु रहाट कसा फिरतो हे समजून घेण्यासाठी पाणी पिणाऱ्याने पाणक्याच असले पाहिजे, असे नाही. आपले परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीचे कागद, ग्रंथालयातील सूची आणि परगावच्या नातलगांची ख्यालीखुशाली आज एकाच तंतूवाटे घरात येते. तो तंतू जेथे संपतो तेथे एक छोटी पेटी असते. तिच्यावर दिवे लुकलुकतात. दिवे बंद पडले की आपण कंपनीला फोन करतो, आणि एरवी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ही पेटी नेमके काय करते, तिच्यातील कोणता भाग कंपनीचा व कोणता आपला, आणि आपल्या भागाचा कारभार आपल्या हाती कसा घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तंतूची पूर्वपीठिका

भारतात सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या वेळी ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येत असे. आता बहुतेक शहरांत आणि पुष्कळ गावांत तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे. या शास्त्राला 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करून देणारे नरिंदरसिंग कपानी हे मूळचे पंजाबातील मोगा येथील, ही गोष्ट आपल्याला अभिमानास्पद आहे. १९५४ साली त्यांनी व हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पाठवून दाखविले. परंतु त्या काळच्या काचेत प्रकाश फार लवकर विरून जाई. काच पुरेशी शुद्ध केल्यास दूरचे संदेश पाठविता येतील, हे १९६६ मध्ये चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले. किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी पुरे, अशी त्यांची अपेक्षा होती. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी ती पुरी केली. आजच्या तंतूत योग्य तरंगलांबीचा प्रकाश वापरल्यास किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग शिल्लक राहतात. काव यांना २००९ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घरात येणाऱ्या तंतूतील ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो, त्याची जाडी सुमारे ९ मायक्रॉन असते. म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले नऊ. म्हणूनच तंतू खिळ्याभोवती करकचून वळविला, दारात चेंगरला, किंवा त्याच्या टोकाला धूळ बसली, की पेटीवर लाल दिवा लागतो. येथेच एक सूचना करून ठेवते. तंतूचे टोक काढून त्यात डोकावून पाहू नये. आतील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो नसतो असे नाही.

एक पेटी, दोन कामे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कंपनी जी पेटी देते ती बहुधा दोन वेगवेगळी कामे करते, आणि सारा घोटाळा या दोहोंना एक समजल्याने होतो.

पहिले काम प्रकाशाचे विजेच्या संकेतात व विजेच्या संकेताचे प्रकाशात रूपांतर करण्याचे. या भागाला 'ओएनटी' म्हणतात. घरगुती जोडणीत सर्वत्र आढळणाऱ्या 'जीपॉन' पद्धतीत एकच तंतू वाटेत फोडून ३२ किंवा ६४ घरांना वाटलेला असतो. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा व जाणारा १३१० नॅनोमीटरचा असल्यामुळे दोन्ही एकाच तंतूत सुखाने नांदतात. येणारा प्रकाश साऱ्याच घरांत पोहोचतो. प्रत्येक ओएनटी त्यातून फक्त आपल्या नावचा मजकूर उचलते, आणि तो मजकूर सांकेतिक असल्यामुळे शेजाऱ्याला वाचता येत नाही. जाणारा प्रकाश मात्र सर्वांनी आळीपाळीने पाठवावयाचा असतो. नळकोंडाळ्यावर घागरींची रांग लागावी तसे हे आहे. एखादी ओएनटी बिघडून अखंड प्रकाश सोडू लागली, तर तिच्यामुळे आळीतल्या सर्वांचेच पाणी तुटते. म्हणून प्रत्येक ओएनटीचा क्रमांक कंपनीच्या केंद्रावर नोंदलेला असतो, आणि बाजारातून आणलेली दुसरी ओएनटी लावल्यास ती सहसा चालत नाही. कंपनीच्या या दक्षतेला अर्थ आहे, हे मान्य केले पाहिजे.

दुसरे काम राउटरचे. ते समजण्यासाठी आपल्याकडील जुना वाडा डोळ्यांसमोर आणावा. वाड्याचा पत्ता एकच असतो, आत बिऱ्हाडे मात्र पुष्कळ. टपालवाला पत्रे देवडीवर देतो आणि देवडीवरचा माणूस ती ज्याची त्याला पोहोचवितो. राउटर हा तो देवडीवरचा माणूस होय. जगातील इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते अवघे ४२९ कोटी आहेत. ते सर्वांना पुरणार नाहीत हे ध्यानात आल्यामुळे १९९६ साली काही पत्ते घरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या खाजगी वापरासाठी राखून ठेवण्यात आले. '१९२.१६८' ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. बाहेरचा एक पत्ता आणि आतले अनेक यांची सांगड घालणे, कोणी न मागवलेले बाहेरचे पाहुणे दारातच थोपविणे, आणि वायफायच्या लहरी घरभर पसरविणे, ही या राउटरची कामे. यांतील एकाही कामाचा शेजाऱ्यांच्या प्रकाशाशी संबंध नाही. हा कारभार पूर्णपणे घरातला आहे.

किल्ली कोणाकडे?

आमच्या घरी ही बाब केवळ तात्त्विक राहिली नाही. आमचे घर साताऱ्यातील जुन्या पेठेत आहे. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची खोली अशी लांबट रचना, आणि दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती. लाइनमनने तंतू दारातून आत घेतला आणि पेटी ओसरीवर ठोकली. धाकटा भाऊ बारावीला. त्याची खोली सर्वांत मागे, आणि तेथे वायफाय जेमतेम पोहोचे. संध्याकाळच्या शिकवणीला तो वही घेऊन ओसरीच्या पायरीवर बसे. रस्त्यावरची वर्दळ, डास आणि समोर चाललेली गणिताची उदाहरणे, असा तो अभ्यास होता.

पेटीचे चॅनेल बदलून पाहावे म्हणून मी आतील व्यवस्था उघडू गेले, तेव्हा पासवर्ड हवा होता. लाइनमनला विचारले, "दादा, पासवर्ड काय आहे?" तो म्हणाला, "ताई, तो आम्हालाही देत नाहीत. कंपनी तिकडूनच बदलते." त्याचे म्हणणे खरे होते. अशा पेट्यांत कंपनीला दुरून शिरून व्यवस्था बदलता येईल अशी सोय असते. बिघाड दुरुस्त करण्यासाठी ती उपयोगीही पडते. परंतु बाबा शांतपणे म्हणाले, "भाडं आपण भरतो, वीज आपली, भिंत आपली, आणि कुलपाची किल्ली तेवढी परक्याकडे!" प्रश्न किती थोडक्यात मांडला, असे मला वाटले.

हा प्रश्न नवीन नाही. १९६८ साली अमेरिकेत 'कार्टरफोन' या उपकरणावरून असाच वाद झाला, आणि टेलिफोनच्या जाळ्याला धक्का लागत नसेल तर ग्राहकाला स्वतःचे उपकरण जोडण्याची मुभा असली पाहिजे, असा निर्णय तेथील दूरसंचार आयोगाने दिला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला आपल्या पसंतीचा राउटर लावण्याचा हक्क कायद्याने मिळाला. तो कायदा तर कंपनीचे जाळे भिंतीवरील निष्क्रिय खोबणीतच संपते असे मानतो. माझे स्वतःचे मत किंचित वेगळे आहे. तंतू अनेकांत वाटलेला असल्यामुळे ओएनटी कंपनीकडे राहू द्यावी, पण प्रकाशाची वीज झाली की तेथून पुढचा कारभार घरच्यांचा असावा. सीमा येथे आखली तर कोणाचेच नुकसान होत नाही. आपल्याकडे याबाबतची वहिवाट कंपनीगणिक निरनिराळी आढळते. म्हणून प्रथम विचारणे भाग आहे.

कंपनीला काय विचारावे?

राउटर विकत घेण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी विचारून वहीत लिहून घ्याव्यात.

१. पेटी 'ब्रिज मोड'मध्ये ठेवून मिळेल काय? याचा अर्थ असा की तिने फक्त प्रकाशाचे काम करावे आणि देवडीचे काम आपल्या राउटरवर सोपवावे.

२. जोडणी 'पीपीपीओई' पद्धतीची आहे की आपोआप पत्ता मिळणारी? पहिल्या प्रकारात वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड लागतो. तो वायफायच्या पासवर्डाहून वेगळा असतो.

३. 'व्हीलॅन' क्रमांक आहे काय, आणि असल्यास कोणता? एकाच तंतूवरून इंटरनेट, दूरध्वनी व दूरचित्रवाणी येते तेव्हा प्रत्येकाचा रस्ता वेगळा ठेवण्यासाठी हा क्रमांक देतात.

४. जोडणी विशिष्ट उपकरणाच्या 'मॅक' क्रमांकाशी बांधलेली आहे काय? असल्यास नव्या राउटरचा क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो.

५. त्याच पेटीवर घरचा दूरध्वनी असेल तर बदलानंतर तो चालू राहील ना?

आम्हाला पहिल्या दोन खेपांना "असे होत नाही" एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेस आम्ही हे पाचही प्रश्न लेखी दिले. तेव्हा एका अभियंत्याने स्वतः फोन केला आणि दहा मिनिटांत ब्रिज मोड करून दिला. नेमका शब्द माहीत असला की नेमके उत्तर मिळते, हा भाषेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला धडा येथेही उपयोगी पडला.

राउटर निवडणे व जोडणे

निवडताना खोक्यावरील मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. तीन गोष्टी पाहाव्यात. तारेचे छिद्र 'गिगाबिट' असावे, कारण जुन्या पद्धतीचे छिद्र १०० मेगाबिटपुढे जात नाही. वायफाय २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर चालावे. आणि निर्माता त्याच्या आतील प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या नियमाने देत असावा. आम्ही सुमारे दोन हजार रुपयांचा साधा राउटर घेतला.

जोडणीचा क्रम असा. कंपनीच्या पेटीतील सध्याच्या व्यवस्थेची जी पाने दिसतात, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावी. पेटीच्या मागचे 'रीसेट'चे बारीक छिद्र टोचू नये, त्याने कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते. मग पेटीच्या पहिल्या लॅन छिद्रातून एक तार आपल्या राउटरच्या 'वॅन' छिद्रात द्यावी. हे छिद्र बहुधा निराळ्या रंगाचे असते. राउटरच्या दुसऱ्या एखाद्या छिद्रातून तारेने संगणक जोडावा, आणि ब्राउझरमध्ये राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता इंग्रजी अंकांत टाकावा. तो बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. उघडलेल्या पानावर जोडणीचा प्रकार निवडून, लिहून घेतलेले नाव, पासवर्ड आणि लागू असल्यास व्हीलॅन क्रमांक भरावा.

पीपीपीओई असेल तर 'एमटीयू' या रकान्यात १४९२ हा आकडा असावा. इंटरनेटवरील गाठोडे सामान्यतः १५०० बाइटांचे असते. पीपीपीओई त्यावर ८ बाइटांची पट्टी चढविते, म्हणून आतील माल तेवढा कमी धरावा लागतो. हा आकडा चुकला तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अडून बसतात.

कंपनीने ब्रिज मोड दिलाच नाही, तरी मार्ग खुंटत नाही. आपल्या राउटरला 'आपोआप पत्ता घे' असे सांगावे आणि आतील पत्त्यांची मालिका कंपनीच्या पेटीहून वेगळी ठेवावी. म्हणजे तेथे १९२.१६८.१ असेल तर येथे १९२.१६८.२. अशा वेळी देवड्या दोन होतात. वाचन, चित्रफिती, शिकवणी यांना अडचण येत नाही. मात्र घरातील कॅमेरा बाहेरून पाहणे किंवा काही खेळ यांत अडथळा येतो. दुसरा पर्याय म्हणजे आपल्या राउटरला केवळ 'ॲक्सेस पॉइंट' करणे. त्याने वायफाय सुधारते, देवडी मात्र कंपनीचीच राहते. कोणताही पर्याय घेतला तरी कंपनीच्या पेटीवरील वायफाय बंद करून घ्यावे. नाहीतर दोन पेट्या एकाच खोलीत मोठ्याने बोलत राहतात आणि कोणाचेच धड ऐकू येत नाही.

लहरी आणि भिंती

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात व भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात, पण वेग कमी व गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण जाड भिंतीपुढे त्या नमतात. २.४ च्या पट्टीत चॅनेले पुष्कळ दिसली तरी एकमेकांत न मिसळणारी अशी १, ६ व ११ ही तीनच धरतात. शेजारी कोणते चॅनेल वापरतात ते पाहून यांतील मोकळे निवडावे. राउटर कपाटात, माळ्यावर किंवा शीतकपाटाच्या मागे ठेवू नये. घराच्या मध्यावर, उंचीवर आणि उघड्यावर ठेवावा.

आम्ही ओएनटी ओसरीवरच राहू दिली. तेथून तुळईच्या कडेने सुमारे तीस फूट तार नेली आणि राउटर माजघरातील फडताळावर ठेवला. अशी तार १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, त्यामुळे तीस फुटांची चिंता नव्हती. मागच्या खोलीत पूर्वी ५ ते ६ मेगाबिट मिळत, आता चाळिसाच्या आसपास मिळतात. भाऊ आपल्या टेबलाशी बसून शिकतो.

जुन्या टेलिफोनला केंद्राकडून वीज मिळे, म्हणून वीज गेली तरी तो वाजत असे. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. दोन्ही पेट्यांना मिळून एक छोटा यूपीएस लावला तर भारनियमनातही इंटरनेट चालू राहते. मात्र पेट्यांवर लिहिलेला व्होल्टचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे.

कारभाराची जबाबदारी

येथवर हक्काची बाजू झाली. परंतु किल्ली हाती आली की राखणही आपल्याकडे येते, आणि याच ठिकाणी पुष्कळ जण ढिले पडतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर आपल्या ताब्यात घेतले. त्यासाठी तिने काही विलक्षण युक्ती केली नव्हती. कारखान्यातून येताना असलेली नावे व पासवर्ड, अशा सुमारे साठ जोड्यांची यादी तिच्याजवळ होती, आणि लोकांनी ते बदललेच नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांच्या राउटरांत बिघाड झाला. दुरून व्यवस्था करण्यासाठी मोकळा राहिलेला मार्गच हल्लेखोरांनी गाठला होता. म्हणजे किल्ली कंपनीकडे असली की घर सुरक्षित, असेही मानता येत नाही, आणि आपल्याकडे असली की आपोआप सुरक्षित, असेही नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी पुढील गोष्टी कराव्यात. राउटरच्या व्यवस्थेचा पासवर्ड बदलावा आणि तो वायफायच्या पासवर्डाहून निराळा असावा. वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा, साधने साथ देत असतील तर, २०१८ साली आलेले डब्ल्यूपीए-३ हे संरक्षण लावावे. पासवर्ड लांब असावा; चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी लिपीत सलग लिहिले तर लक्षातही राहतात आणि कोणाला सहज सुचतही नाहीत. 'डब्ल्यूपीएस' ही बटण दाबून जोडण्याची सोय आणि बाहेरून व्यवस्था करण्याची सोय, या दोन्ही बंद कराव्यात. दर दोन महिन्यांनी नवी आवृत्ती आली आहे काय ते पाहावे. आणि पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय ठेवावे. आपल्याकडे पाहुण्याला आदराने ओसरीवर बसवितात, पण धान्याची कणगी असते तेथे नेत नाहीत. स्वस्तातले कॅमेरे आणि बोलके दिवे यांनाही या ओसरीवरच बसवावे.

हे सारे वाचून कोणास वाटेल की, एवढी यातायात करण्यापेक्षा कंपनीवर सोपविलेले बरे. ज्यांच्या घरी सर्व खोल्यांत व्यवस्थित चालते आणि ज्यांना वेळ नाही, त्यांनी तसे जरूर करावे. त्यात कमीपणा नाही. परंतु ते समजून उमजून केलेले असावे. आपल्या घरातून कोणत्या दाराने काय आत येते व काय बाहेर जाते, हे घरातील निदान एका व्यक्तीला ठाऊक असणे ही आता साक्षरतेचीच एक पायरी आहे. पूर्वी गावात एखाद्यालाच पत्र वाचता येई आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत. त्याने वाचले तेच पत्रात होते असे मानावे लागे. पेटीच्या बाबतीत आज आपली अवस्था जवळजवळ तशीच आहे.

सुट्टीत दोन दुपारी पुरतील एवढेच हे काम आहे. महाविद्यालयातील ज्या मित्रमैत्रिणींना ते करून पाहावयाचे असेल, त्यांनी आधी वर दिलेले पाच प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे हाती आल्यावरच राउटर घ्यावा.